वरच्या मजल्यावरचा अंगारा

२ ऑगस्ट, शनिवार

आलो एकदाचे! लिफ्ट नाही म्हणून मी कुरकुरत होते, आणि ऋता मात्र सगळे जिने नाचत चढली. वर पोचल्यावर तिने जाहीर केलं की हे घर शॉमबर्गच्या जुन्या घरापेक्षा वे कूलर आहे. आठ वर्षांच्या माणसाने एवढं प्रशस्तिपत्र दिल्यावर मी काय बोलणार?

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली ही गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले मोजे हात लांब करून काढता येतील. खाली बेकरी. तिच्यावर कुठल्याशा एका आडनावाच्या लोकांच्या मंडळाचा हॉल. तिथे म्हातारे लोक दिवसभर सोंगट्या खेळतात आणि टेबलावर त्या कालवतात तेव्हा गारा पडल्यासारखा आवाज होतो. त्यावर आम्ही. आणि आमच्या डोक्यावर, सगळ्यात वरच्या मजल्यावर, देऊळ. देवाच्या डोक्यावर कुणी चालायला नको म्हणून इथली जुनी देवळं अशी शेवटच्या मजल्यावर असतात म्हणे. एजंटने प्रामाणिकपणे सांगितलं की धूर आणि आवाज यांमुळे इथे भाडेकरू टिकत नाहीत. मी म्हटलं, मी लहान मुलांचे कान तपासते, आवाजावरच माझं पोट आहे. राहता राहिला धूर.

वास तर जिन्यातच भेटला. आधी बेकरीतलं लोणी, मग चंदन, मग जळका कागद, संत्र्याची साल, आणि या सगळ्याच्या तळाशी विझलेल्या चुलीसारखं काहीतरी. शॉमबर्गच्या आमच्या घराला वासच नव्हता, हे मला आज कळलं. ते घर विकलं जाईपर्यंत परीक्षित तिकडेच राहणार. फोनवर वासांचं एवढं वर्णन ऐकून नवरोबा म्हणाला, यार उत्तरा, तू घर भाड्याने घेतलंयस की उदबत्तीचं दुकान?

संध्याकाळी वरून ठक, ठक, ठक असा लाकडाचा एकसुरी आवाज आला. कुणीतरी मंत्र म्हणत होतं. मी पोळ्या लाटत होते. थोड्या वेळाने लक्षात आलं की लाटणं त्याच तालात चाललंय. किती बरं वाटलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

क्लिनिकची माझी वरिष्ठ ग्लोरिया चॅन याच वस्तीत वाढली. मोठ्याने हसते, देवाधर्माची टर उडवते, पण तिची आई दर पंधरवड्याला आमच्या वरच्या देवळात येते. मला ऐकू येणाऱ्या आवाजांची नावं तिच्याकडून कळली. ठकठक म्हणजे पोकळ लाकडाचा मासा. मंत्र म्हणताना त्यावर ताल धरतात, कारण मासा डोळे मिटत नाही, तसं माणसानेही जागं राहावं. आणि मधूनच लाकूड पडल्यासारखं खट्ट होतं ते अर्धचंद्राच्या आकाराचे दोन तुकडे. प्रश्न विचारायचा आणि ते जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या कोकणातलं कौल लावणं! ती म्हणाली, मग तुला शिकवायची गरजच नाही, तू अर्धी चायनीज आहेस.

ऋताचं मात्र बरं नाही. झोपेत दचकते, जेवण तसंच टाकते. वरणभात, पास्ता, काहीच नको. तिच्या मनगटाची हाडं दिसायला लागली आहेत. परीक्षित म्हणतो, जागा बदलली की मुलं असं करतात. करतात. पण रात्री तिच्या केसांत नाक खुपसून निजते तेव्हा त्या खोबरेल तेलाच्या, घामाच्या, खडूच्या वासाखाली ताप असल्यासारखं वाटतं आणि मला झोप येत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज वर जाऊन आले. ऋताला बेकरीतल्या काकूंजवळ बसवलं होतं.

दारातून आत गेल्याबरोबर हात सवयीने घंटेकडे गेला. घंटा होती, चांगली माझ्याएवढी. पण तिथला राखणदार, पांढऱ्या बनियनमधला एक वाकलेला माणूस, लगबगीने आला आणि हात हलवून नको म्हणाला. मी कानाला हात लावला. तो हसला. छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली होती, हळूहळू जळणारी, आणि त्यांची राख आवाज न करता खाली पडत होती. लाल दिवे, संत्र्यांचे ढीग, तुपकट अंधार. देव ओळखीचा नव्हता. तरी हात जोडल्यावर डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

ऋतासाठी अंगारा घ्यावा असं मनात आलं. माझ्या आईने मला दर तापात लावला, मी ऋताला तान्ही असताना लावला. देवासमोरचं मोठं पात्र उंच होतं, त्यात पेटत्या काड्यांची दाटी. मागच्या गॅलरीच्या दाराशी, जमिनीवर, एक छोटं पात्र होतं. त्यातली राख थंड, मऊ. तिथे कुणी नव्हतं. चिमूट चिमूट करून कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात भरली.

निघताना सवयीने म्हटलं, येते हं.

ऋताच्या कपाळाला लावला. तिने नाक वर केलं, म्हणाली, स्मेल्स लाइक रेन. आणि जेवायला बसली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोन्ही रात्री शांत झोपली. काल तीन पोळ्या खाल्ल्या! परीक्षितला अंगाऱ्याचं सांगितलं तर म्हणाला, तिकडे जाऊन तू एकदम काकू झालीस. होऊ दे. रोज झोपताना लावणार आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शाळा सुरू झाली. ऋता डबा संपवून येते, आल्यावर पुन्हा मागते. वजन मात्र वाढत नाही, मनगटं तशीच.

एक गंमत. तिच्या केसांना चंदनाचा वास येतो. ती एकदाही वर गेलेली नाही. धूर खिडकीतून येत असणार. काल न्हाऊ घातलं, आज पुन्हा तोच. खोबरेलाचा वास शोधत राहिले.

दुसरी गंमत. फोडणीत हिंग टाकला आणि ताटात त्याचा वास आला नाही. डबीत आहे, कढईत आहे, आणि जेवण ताटात वाढून ऋतासमोर ठेवलं की जातो. ती ताटाकडे वाकते, डोळे मिटते, मोठा श्वास घेते. मग जेवते. माझ्या ताटातला भातही आज कागदासारखा लागला.

करंड्यातली राख रोज लावूनही कमी होत नाही. मी बहुतेक कमी लावत असेन.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळपासून गल्लीत फूटपाथवर जेवणं मांडली आहेत. भात, शिजवलेली कोंबडी, सोललेली संत्री, त्यांत खोचलेल्या उदबत्त्या. पत्र्याच्या डब्यांत कागद जाळताहेत. वरून दिवसभर ठकठक.

ग्लोरिया आईला घेऊन देवळात आली होती, मग चहाला आमच्याकडे. तिने सांगितलं, आज त्यांचा सातवा महिना लागला. या महिन्यात मेलेल्यांना सुट्टी असते. ज्यांची मुलंबाळं आहेत ते आपापल्या घरी जेवतात. ज्यांचं कुणी नाही, त्यांच्यासाठी हे रस्त्यावर. ते घास खात नाहीत, वास खातात. मी म्हटलं, आमच्या पितृपंधरवड्यासारखंच. आणि बोलता बोलता अंगाऱ्याचंही सांगून टाकलं.

ती आधी खूप हसली. म्हणाली, तू राख चोरलीस? माझी आई बेशुद्ध पडेल. मग तिने समजावलं. एका देवळातली राख नेऊनच दुसरं देऊळ स्थापन करतात. राख जिथे जाते तिथे तिच्यात राहणारा जातो. जिथे ठेवाल ते त्याचं घर.

मग विचारलं, कुठल्या पात्रातली?

मी सांगितलं, मागच्या दाराजवळचं, खालचं, छोटं.

ती हसायची थांबली. तेवढ्यात ऋता आतून आली, ग्लोरियाच्या चहावर वाकली आणि तिने श्वास घेतला. ग्लोरियाने कप उचललाच नाही. जाताना जिन्यात हळूच म्हणाली, ते पात्र देवाचं नाही. ते दारातच थांबवलेल्यांचं आहे, ज्यांचं कुणी नाही त्यांचं. तू परत ठेव. त्याच पात्रात ठेव. या महिन्याच्या पंधराव्या दिवशी त्यांना जेवू घालून निरोप देतात, त्याच्या आत.

तिचा देवाधर्मावर विश्वास नाही. मी विचार करत राहिले, की मग तिचा आवाज असा का झाला.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसवला. छोटा, शाडूचा. उकडीचे मोदक केले; नारळ-गुळाचं सारण, वर तूप. नैवेद्य दाखवला आणि डोळे उघडले तर मोदकांना वास नव्हता. एक खाल्ला. ओला पुठ्ठा. ऋता पाटाच्या अगदी जवळ बसली होती, गाल लाल, तृप्त. म्हणाली, स्टिल हंग्री.

करंडा वर द्यायला गेले. दाराला कुलूप. मोठ्या पूजेच्या तयारीसाठी शनिवार, सहा तारखेपर्यंत बंद, अशी पाटी. म्हणजे थेट तो पंधरावा दिवसच.

कुलूप आहे, आत कुणी नाही, तरी ठकठक चालू होती. दाराला कान लावला. आवाज दाराच्या आतून येत नव्हता. खालून, आमच्या घरातून येत होता.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज ऋताला क्लिनिकमध्ये नेलं. म्हटलं, एकदा कान तपासू.

ध्वनिबंद खोलीत तिला बसवलं, हेडफोन लावले. काचेच्या अलीकडे मी. नियम सोपा आहे: बारीकसा सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मी अजून काही लावलंच नव्हतं. तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. एकसारख्या अंतराने. माझ्यासमोरचा दिवा लागत होता, विझत होता. लाटणं ज्या तालात चालायचं तोच ताल.

आतल्या मुलांचं बोलणं ऐकायला एक माइक असतो. तो सुरू केला.

ठक. ठक. ठक.

त्या खोलीत आवाज पोचत नाही. खोली त्यासाठीच बांधलेली आहे. ऋताचे हात मांडीवर, ओठ मिटलेले. मी आत जाऊन तिच्या छातीला कान लावला. तिच्या हृदयाचा ठोका मला ती पोटात असल्यापासून माहीत आहे.

हा तो नव्हता.

३१ ऑगस्ट, रविवार

परीक्षितला सगळं सांगितलं. या वेळी हसला नाही. म्हणाला, उत्तरा, तू नीट झोपतेस का? मी तिकीट काढतो. आठ तारखेचं मिळालं.

राख लावणं बंद केलं आहे. सकाळी तिच्या कपाळावर असतेच.

३ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टर म्हणाल्या, रक्त ठीक आहे, नीट खाऊ घाला. एवढी खाते आणि फ्रॉक खांद्यावरून घसरतो. हाताची कातडी उदबत्तीच्या पुड्याच्या कागदासारखी. कापूर, डेटॉल, काही म्हणजे काही येत नाही नाकात. तिच्या केसांतलं चंदनही गेलं. आता तिथे काहीच नाही.

आपल्या लेकराला वास नसणं म्हणजे काय, हे कुणाला सांगू—

६ सप्टेंबर, शनिवार

देऊळ उघडलं. जिन्यात माणसांची रांग, झांजा, धूर. करंडा पदरात घेतला, ऋताचा हात धरला. पहिल्या पायरीवर ती ताठ झाली. उचलून घ्यायला गेले तर उचलवेना. वाळलेल्या काटकीएवढी पोर, आणि मला तिचं पाऊल जमिनीवरून सोडवेना. किंचाळत राहिली. रांगेतले लोक भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एकानेही पाहिलं नाही.

तिला घरी एकटी टाकून वर कशी जाऊ?

मग आठवलं, आज अनंत चतुर्दशी. विसर्जन. पाण्यात सगळं जातं. देव जातो, अस्थी जातात, ही चिमूटभर राख का नाही जाणार? शॉमबर्गला बादलीत विसर्जन करायचो. इथे अख्खा समुद्र आहे. टॅक्सी केली. गणपती, पाट, करंडा. खाली उतरताना ऋता गुमान आली, अगदी उड्या मारत.

आधी गणपती. त्याच लाटेत करंडा उपडा केला. राख पाण्यावर क्षणभर फिरली आणि गेली. हात जोडून मी पुनरागमनाय च म्हटलं. ऋता ओरडली, पुढच्या वर्षी लवकर या! किती दिवसांनी मराठी बोलली. मी हसले. मग बाबा करायचे तसं, पाट रिकामा नेऊ नये म्हणून, तिथलीच मूठभर ओली वाळू पाटावर घेतली आणि घरी आलो.

जिन्यात बेकरीतल्या लोण्याचा वास आला. मी पायरीवर बसून रडले.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळ

आल्याच्या चहाचा वास. ऋता अजून झोपली आहे. उद्या परीक्षित येईल. त्याला काय काय सांगू आणि काय गाळू याचा विचार करत—

ग्लोरियाचा फोन. परत ठेवलीस का? म्हटलं, नाही, समुद्रात सोडली. ती म्हणाली, हरकत नाही, पाणी नेतं. फक्त तिथून घरी काही आणलं नाहीस ना?

मी पाटाकडे पाहिलं.

वाळू सुकली आहे. रंग करडा. बोट लावलं. मऊ आहे. कोमट आहे.

चहाचा वास गेला.

दुपार

ऋता उठेना म्हणून तिला अंथरुणातच ठेवून, पाट घेऊन, धावत वर गेले. छोटं पात्र रिकामं. धुऊन पालथं घातलेलं. राखणदाराने हातांनी सांगितलं: जेवले, गेले. सगळे गेले. मग माझ्या पाटाकडे पाहिलं आणि खुणेनेच: हे राहिले.

त्याने माझ्यासाठी लाकडाचे तुकडे टाकले. परत घेता येतील का? खट्ट. दोन्ही पालथे. पुन्हा. दोन्ही पालथे. पुन्हा टाकायला मी त्याचे पाय धरले. दोन्ही—

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एक संत्रं दिलं माझ्या हातात. दार हळू लावून घेतलं. संत्र्याला वास नव्हता.

८ सप्टेंबर, सोमवार

शाळेला पाठवली नाही.

पाटासमोर बसली आहे. बोटाने वाळूवर ठक, ठक— हाक मारली, वळली. डोळे तिचेच. पण डोळ्यांच्या मागे, जिन्यात रांग असते तसे, एकामागे एक—

म्हणाली, आई, आम्हाला वाढ.

इतकं स्वच्छ मराठी ती कधी—

परीक्षित विमानात. संध्याकाळी पोचेल. संध्याकाळपर्यंत ती उरेल का? हात धरला तर बोटांचे ठसे तसेच राहतात, राखेत राहतात तसे.

जिथे ठेवाल ते त्याचं घर. ग्लोरिया म्हणाली होती. मी ती राख तिच्या कपाळावर ठेवली. घर बदलता येतं. मी नाही का बदललं—

नंतर

केलं.

सगळी वाळू मुठीत घेतली, माझ्या कपाळाला लावली. केसांत, गळ्याला. म्हटलं, या. तिला सोडा. इकडे या, मी वाढते.

काही झालं नाही. मग ऋता रडली. लहान मुलांसारखी, नाक वाहत. मॉम, आय ॲम स्केअर्ड. मॉम, व्हाय आर यू डर्टी? तिचा हात गरम. तिच्या छातीला कान लावला. तिचाच ठोका. तिचाच, तिचाच.

आणि वास आला. खोबरेल. खडू. घाम. माझी पोर.

देवा, एवढंच हवं होतं.

तिच्या आतली ठकठक थांबली आहे. माझ्या कानाच्या मागे आहे आता. चालेल. मला सवय आहे आवाजांची.

भूक लागली आहे. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून. भात खाल्ला. कालचा पाव. पीठ, कोरडंच. भरत नाही—

ऋता मांडीवर येऊन बसली आहे. लिहू देत नाही. डोकं माझ्या हनुवटीखाली. केसांचा वास किती— तोंडाला पाणी—

नको.

तिला सांगायला हवं. खाली पळ, बेकरीतल्या काकूंकडे बस, बाबा येईपर्यंत वर येऊ नकोस, आईने हाक मारली तरी— सांगते. आत्ता सांगते. फक्त एकदा. एकदाच जवळ घेऊन, डोळे मिटून, पोटभर—